पस्तिशी ओलांडली, आता 'तरुण वैज्ञानिक' पुरस्कारासाठी अर्ज करता येईल का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजुतीत काही राहिले असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. तुम्ही नांदेड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी सीनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवता. कागदावरची जन्मतारीख १ जून १९८८, म्हणजे ३७ पूर्ण. सहा वर्षे सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, गेली, त्यातच २०१९ मध्ये बाळंतपण झाले. डिसेंबर २०२१ मध्ये पीएचडीचा व्हायवा, फेब्रुवारी २०२२ मध्ये पदवी जाहीर झाल्याचे नोटिफिकेशन, पदवीचा कागद हातात पडला २०२३ मध्ये, आणि त्याच वर्षी कायम नेमणूक. काम किनवटकडच्या बोअरच्या पाण्यातले फ्लोराइड कमी करण्यावर. नऊ पेपर. तुम्ही विचारता की जिकडे पाहावे तिकडे ३५ ची अट आहे, तर आपली वेळ गेली का? महिला म्हणून काही सवलत आहे का? आणि कॉलेजातल्या एका सहकाऱ्याने फी भरून 'यंग सायंटिस्ट अवॉर्ड' घेतला, कॅसला, म्हणजे पदोन्नतीला, उपयोगी पडतो म्हणतात, तर आपणही घ्यावा का?

वेळ गेलेली नाही. मी विद्यापीठात बरीच वर्षे रसायनशास्त्र शिकवले, विद्यार्थ्यांची आणि सहकाऱ्यांची नामांकने लिहिली, छाननीला बसून इतरांचे अर्ज वाचले. आपल्या मराठवाड्यातले अर्ज बाद होताना जे पाहिले त्यात वय हे कारण असायचे, पण ते एकटे क्वचितच असायचे. बहुतेकदा अर्जदाराने एकच अट वाचलेली असायची आणि बाकीच्या तीन तशाच राहिलेल्या असायच्या. त्या तीन म्हणजे वर्षे कोणत्या तारखेपासून मोजतात, काम कुठे झाले आणि ते तुमचे स्वतःचे आहे का, आणि नाव सुचवणार कोण.

आधी वय. सगळीकडे ३५ दिसते, कारण आपल्याकडच्या जुन्या आणि मानाच्या पुरस्कारांनी ती रेघ ओढली. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे, म्हणजे इन्साचे, तरुण वैज्ञानिक पदक १९७४ पासूनचे. त्याची मर्यादा वर्षानुवर्षे ३५ होती. प्रयागराजच्या नासी या दुसऱ्या विज्ञान अकादमीच्या तरुण वैज्ञानिक पुरस्कारालाही ३५. भारतीय विज्ञान काँग्रेसचा तरुण वैज्ञानिक पुरस्कार तर ३२ ला थांबायचा. आपल्या कॉलेजांत तोच सर्वांना ठाऊक होता, पण ते अधिवेशनच अलीकडे नियमित राहिलेले नाही. कुंभकोणमला दिला जाणारा शास्त्र रामानुजन पुरस्कारही ३२ वर्षांपर्यंतच्याच गणितज्ञांना मिळतो, कारण रामानुजन ३२ वर्षेच जगले. म्हणजे प्रत्येक आकड्यामागे देणाऱ्याचा काही विचार असतो. विज्ञानात माणूस अमुक वयाला म्हातारा होतो असा काही सिद्धान्त त्यामागे नाही.

दुसऱ्या टोकाला ४५ आहे. शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार १९५८ पासून दिला जातो आणि त्याची मर्यादा ४५ होती. २०२२ मध्ये केंद्र सरकारने विज्ञान खात्यांच्या सगळ्या पुरस्कारांचा आढावा घेतला, त्यातले पुष्कळ बंद केले, आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार जाहीर केले. त्यातल्या 'विज्ञान युवा' या गटाला भटनागरांचेच नाव आहे आणि तिथेही मर्यादा ४५ च ठेवली आहे. २०२४ च्या पहिल्या फेरीत या गटात १८ जणांची निवड झाली. तुम्हाला ४५ पूर्ण होणार १ जून २०३३ ला. तो पुरस्कार तुम्हाला मिळेल असे मी म्हणत नाही. तिथे देशातल्या मोठ्या प्रयोगशाळांशी स्पर्धा आहे. पण देशाच्या पातळीवर 'युवा' हा शब्द ४५ पर्यंत चालतो, एवढे तरी तुमच्याबद्दल 'आता वय झाले' म्हणणाऱ्यांना सांगता येईल.

या आढाव्यामुळे आणखी एक गोष्ट झाली. इंटरनेटवर आजही ज्या याद्या फिरतात त्यातले कित्येक पुरस्कार आता नाहीत, किंवा त्यांचे रूप बदलले आहे. म्हणून यादीवरून पात्रता ठरवू नका. देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरची त्या वर्षीची जाहिरातच पाहा. मीही वर जे आकडे दिले ते तुम्हाला अंदाज यावा म्हणून. अर्जाच्या वर्षी जे छापलेले असेल तेच खरे.

आता ज्याकडे आपले लोक सर्वांत कमी लक्ष देतात ते. वय मोजायची तारीख. जाहिरातीत कुठे तरी बारीक अक्षरात असते: १ जानेवारी रोजी, ३१ डिसेंबर रोजी, १ जुलै रोजी, किंवा अर्जाच्या शेवटच्या दिवशी. तुमची जन्मतारीख १ जून आहे. आपल्या भागात शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेली माणसे घरोघरी आहेत. तुमचीही तशीच असेल आणि घरचे लोक खरा जन्म पुढच्या पोळ्याच्या सुमाराचा सांगत असतील, तरी पुरस्कारासाठी दहावीच्या प्रमाणपत्रावरचीच तारीख चालते. ती बदलायच्या मागे लागू नका. त्यात वर्षे जातात आणि नोकरीच्या कागदांत नवा घोळ होतो. त्यापेक्षा या तारखेचा हिशेब नीट मांडा. समजा एखाद्या पुरस्काराला ४० वर्षे पूर्ण झालेली नसावीत अशी अट आहे. १ जानेवारी २०२८ ही तारीख धरली तर तुम्ही पात्र आहात. त्याच वर्षाची १ जुलै धरली तर नाही. शिवाय '४० वर्षांपर्यंत' आणि '४० पूर्ण झालेली नसावीत' यांचा अर्थ कधीकधी एका वर्षाने वेगळा होतो. अशी शंका आली की संस्थेला ईमेल करून लेखी उत्तर घ्यावे आणि ते जपून ठेवावे. फोनवरचे 'चालेल, भरा तुम्ही' छाननीच्या वेळी कामाला येत नाही.

दुसरे मोजमाप पीएचडीपासूनच्या वर्षांचे. परदेशात आणि आंतरराष्ट्रीय संस्थांच्या बऱ्याच पुरस्कारांत 'कारकिर्दीच्या सुरुवातीचा वैज्ञानिक' कोण, हे वयावर ठरत नाही, पदवी मिळून किती वर्षे झाली यावर ठरते. अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेच्या व्याख्येत शेवटची पदवी मिळाल्यापासून १० वर्षे धरतात. युरोपीय संशोधन परिषदेच्या अनुदानांतही मोजणी पीएचडीपासूनच होते, आणि तिथे आईला प्रत्येक मुलामागे १८ महिने वाढवून मिळतात. या मापाने तुम्ही चार-पाच वर्षांच्या तरुण आहात. २४ व्या वर्षी थेट फेलोशिपवर पीएचडीला लागलेला आणि आज ३४ चा असलेला एखादा मुलगा तुमच्यापेक्षा 'जुना' ठरेल.

इथे आपल्या विद्यापीठांची एक अडचण येते. व्हायवा एका तारखेला, नोटिफिकेशन दुसऱ्या, पदवीदान समारंभ त्यानंतर वर्षा-दीड वर्षाने. अर्जात कोणती तारीख लिहायची? जाहिरातीत 'पदवी प्रदान' म्हटले आहे की 'व्हायवा', ते पाहा. काही म्हटलेच नसेल तर नोटिफिकेशनची तारीख लिहा आणि नोटिफिकेशनची प्रत जोडा, कारण विद्यापीठ तुम्हाला पदवी जाहीर करते ती त्या कागदाने. पदवीच्या कागदावरची उशिराची तारीख लिहून वर्ष-दीड वर्ष मिळवायचा मोह होतो. तसे करू नका. नोकरीच्या आणि अनुदानाच्या अर्जात तुम्ही नोटिफिकेशनची तारीख आधीच दिलेली असते, आणि दोन अर्जांत दोन तारखा दिसल्या की समितीचा तुमच्या बाकीच्या माहितीवरचाही विश्वास उडतो.

सवलतीबद्दल. इथे दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात, पुरस्कार आणि अनुदान किंवा फेलोशिप. फेलोशिप आणि अनुदानांत महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, दिव्यांग यांना वयात सूट देण्याची पद्धत आहे. किती, ते योजनेवर अवलंबून. निव्वळ सन्मानाच्या पुरस्कारांत ती फारशी दिसत नाही. तो गुणवत्तेचा मान आहे, त्यात सूट कशाला, असा देणाऱ्यांचा युक्तिवाद असतो. मला तो पटत नाही. सूट मागणारा गुणवत्तेत सूट मागत नसतो, तेच काम करायला लागलेला वेळ लक्षात घ्या एवढेच म्हणत असतो. घरात पहिल्यांदा कोणी एमएस्सी झालेले, नेट-सेट होईपर्यंत खासगी शिकवण्या, मग सीएचबीवर मिळेल तेवढ्या तासांचे पैसे, तेही शैक्षणिक वर्ष संपल्यावर, बाळंतपणात ना रजा ना पगार. या वाटेने आलेली मुलगी ३५ च्या आत तोच टप्पा गाठू शकत नाही, आणि ते तिच्या बुद्धीमुळे नसते. वयाच्या अटीपायी मोठी माणसेही बाहेर राहिली आहेत. गणिताचे फील्ड्स पदक चाळिशीच्या आतल्यांना देतात. अँड्र्यू वाइल्स यांनी फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता पूर्ण केली तेव्हा ते ४१ चे होते, म्हणून १९९८ मध्ये त्यांना पदक न देता वेगळा रौप्यफलक द्यावा लागला. निदान बाळंतपणाचा आणि आजारपणाचा काळ वजा करून वर्षे मोजावीत, हे आपल्या अकादम्यांनी मान्य करायला हवे. ते होईपर्यंत तुम्ही एक करा. अर्जात 'कारकिर्दीतील खंड' असा रकाना असला तर तो रिकामा सोडू नका. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, कारण काय, मुलाच्या जन्माचा दाखला सोबत. दोन ओळी पुरतात. आपल्या बायका हा रकाना संकोचाने कोरा ठेवतात. मग समितीला फक्त पेपर नसलेली दोन वर्षे दिसतात.

३५ च्या पुढे सुरू होणाऱ्या योजनाही आहेत, हे तुम्हाला कोणी सांगितलेले दिसत नाही. २०२० मध्ये एसईआरबी या केंद्राच्या संशोधन अनुदान मंडळाने महिला संशोधकांसाठी 'पॉवर' योजना आणली. तिच्या फेलोशिपचे वय ३५ ते ५५ होते, आणि अनुदानात राज्य विद्यापीठे व महाविद्यालयांसाठी ३० लाखांपर्यंतचा वेगळा स्तर होता, म्हणजे आयआयटीवाल्यांशी थेट झुंज नाही. राज्य विद्यापीठांतल्या आणि महाविद्यालयांतल्या कायम शिक्षकांसाठी 'टेअर' नावाची योजना होती. तिची मर्यादा ४५. आपले कॉलेज न सोडता वर्षातला काही काळ एखाद्या मोठ्या संस्थेत जाऊन काम करायचे, वर्षाला ५ लाखांचे संशोधन अनुदान आणि ६० हजारांची फेलोशिप, तीन वर्षे. एसईआरबी आता २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या एएनआरएफमध्ये, म्हणजे अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात, विलीन झाली आहे. त्यामुळे यातली कोणती योजना कोणत्या नावाने आणि कधी उघडते ते तिथल्या जाहिरातींवर पाहत राहा. तिथल्याच 'पंतप्रधान अर्ली करिअर' अनुदानात तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत रक्कम मिळते. या सगळ्यांना कायम नेमणूक लागते आणि ती तुमच्याकडे २०२३ पासून आहे. सीएचबीवर असताना यातले काहीच तुम्हाला खुले नव्हते, म्हणजे तुमची खरी पात्रता आत्ता कुठे सुरू झाली आहे. माझा सल्ला असा की आधी अनुदान, मग पुरस्कार. अनुदान मिळाले की चांगल्या उपकरणावर काम होते, त्यातून जो पेपर निघतो त्यावर पुरस्कार मिळतो. उलटा क्रम आपल्या कॉलेजांत मी चाललेला पाहिला नाही.

आता तिसरी अट, आणि छाननीत सगळ्यात जास्त वेळ जिच्यावर जातो ती. काम तुमचे आहे का? भटनागर पुरस्काराच्या जुन्या नियमात काम मुख्यतः भारतात आणि मागच्या पाच वर्षांत झालेले असावे असे स्पष्ट होते. तुमच्या बाबतीत जागेचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो नावांचा. तुम्ही लिहिता की नऊपैकी पाच पेपर पीएचडीच्या काळातले, त्यात गाइड करस्पॉन्डिंग ऑथर, म्हणजे पेपरची जबाबदारी घेणारा लेखक. उरलेल्या चारपैकी तीन तुमचे स्वतःचे. तरुण वैज्ञानिकाचा अर्ज वाचणारा माणूस ते तीनच वाचतो. पहिले पाच ज्याच्या प्रयोगशाळेत झाले त्याच्या नावावर जातात, मग प्रयोगाच्या टेबलापाशी उभे राहून रात्री दहापर्यंत काम तुम्ही केलेले असले तरी. म्हणून इथून पुढे गाइडपासून वेगळा प्रश्न हाती घ्या, आणि ज्यांनी काम केलेले नाही त्यांची नावे पेपरवर घालू नका. प्राचार्यांचे नाव, विभागप्रमुखांचे नाव, 'आपलेच आहेत' म्हणून दोन मित्रांची नावे, हे आपल्याकडे फार चालते. आठ लेखकांच्या पेपरात तुमचे काम नेमके कोणते, हे समितीला समजतच नाही.

तुमच्या विषयात सांगण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून थोडे थांबून लिहितो. पाण्यातले फ्लोराइड शोषून घेणाऱ्या स्वस्त पदार्थांवर देशभरात ढिगाने पेपर निघतात. त्यातले बहुतेक ऊर्ध्वपातित पाण्यात सोडियम फ्लोराइड विरघळवून केलेल्या प्रयोगांवर असतात. त्या पाण्यात स्पर्धा करायला दुसरे आयनच नसतात, म्हणून आकडे छान येतात. नांदेडच्या पूर्वेकडे दख्खनचा काळा खडक संपून ग्रॅनाइट लागतो, आणि तिथल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइडबरोबर बायकार्बोनेटही भरपूर असते, पाणी अल्कधर्मी असते. तिथे तोच पदार्थ निम्म्याने काम करतो. भारतीय मानकात फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५. तुमचा पदार्थ गावातल्या खऱ्या बोअरच्या पाण्यावर, पुन्हा पुन्हा वापरूनही, पातळी १.५ च्या खाली ठेवतो हे तुम्ही दाखवले असेल, तर अर्जातल्या पहिल्या ओळीत तेच लिहा. 'मी नऊ शोधनिबंध प्रसिद्ध केले असून तेवीस परिषदांत सहभाग घेतला' अशी सुरुवात असलेले अर्ज एकामागून एक वाचावे लागतात. त्यातला एकही दुसऱ्या दिवशी आठवत नाही. कोणता प्रश्न, आधी कुठे अडले होते, मी काय केले, त्याने काय बदलले. पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेकडे तुमच्यापेक्षा चांगली यंत्रे आहेत, पण किनवटचे पाणी वर्षभर, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, महिन्यागणिक गोळा करणे तुम्हालाच शक्य आहे.

चौथी अट नामांकनाची. कित्येक पुरस्कारांना स्वतः अर्ज करता येत नाही. अकादमीचा फेलो (निवडून घेतलेला सदस्य), कुलगुरू, संस्थेचा संचालक किंवा आधीचा पुरस्कारविजेता यांनी नाव सुचवावे लागते. आयसरसारख्या केंद्रीय विज्ञान संस्थेतल्या तरुणाच्या शेजारच्या खोलीत असा माणूस बसलेला असतो. आपल्या आठ जिल्ह्यांत तो शोधावा लागतो. मराठवाड्याची खरी अडचण मी इथे धरतो. वयाची मला एवढी वाटत नाही. यावर उपाय आहे, पण तो वर्षभर आधी सुरू करावा लागतो. तुमच्या विषयातल्या दोन-तीन ज्येष्ठ संशोधकांना तुमचा सर्वांत चांगला एक पेपर पाठवा, सोबत पाच-सहा ओळींचे पत्र, काहीही न मागता. परिषदेत भेट झाली तर कामाविषयी बोला. 'टेअर'सारख्या योजनेचा एक मोठा फायदा मी इथेच मानतो, तुमचे काम जवळून पाहिलेला बाहेरचा माणूस त्यातून मिळतो. शेवटच्या आठवड्यात अनोळखी फेलोला 'सर, माझे नाव सुचवा' असा मेल पाठवला तर तो उत्तर देत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांची नामांकने मात्र सरकारच्या पुरस्कार पोर्टलवर ऑनलाइन घेतात. तिथली त्या वर्षीची सूचना स्वतः वाचा. कॉलेजमार्फत परिपत्रक यायची वाट पाहिलीत तर ते बहुधा मुदत संपल्यावर येते.

फी भरून मिळणाऱ्या पुरस्काराविषयी माझे उत्तर नाही असेच आहे, आणि ते नुसत्या तत्त्वाचे नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकपदासाठी उमेदवारांची यादी करताना पुरस्काराचे गुण धरले आहेत. राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय पातळीला ३, राज्य पातळीला २. पण त्यातच लिहिले आहे की राष्ट्रीय म्हणजे भारत सरकारने किंवा भारत सरकारची मान्यता असलेल्या राष्ट्रीय संस्थेने दिलेला, आंतरराष्ट्रीय म्हणजे आंतरराष्ट्रीय संघटनेचा, आणि राज्य पातळीचा म्हणजे राज्य सरकारने दिलेला. कुठल्या तरी ट्रस्टने हॉटेलच्या सभागृहात शंभर जणांना एकाच दुपारी दिलेले स्मृतिचिन्ह यात बसत नाही. कॅसच्या पडताळणीत एखाद्याला त्याचे गुण मिळालेही असतील. पुढच्या वेळी समितीने देणाऱ्या संस्थेची मान्यता मागितली तर दाखवायला काही नसते. ओळखायचे कसे? निवड झाल्याचा मेल आधी येतो आणि अर्ज नंतर भरायला सांगतात. परीक्षकांची नावे कुठेच नसतात. फी 'नोंदणी', 'प्रक्रिया', 'सदस्यत्व' अशा नावांनी येते. वर्षातून तीन-चारदा सोहळा होतो. एक फरक लक्षात असू द्या, विषयाच्या जुन्या, नोंदणीकृत विज्ञान संस्था पुरस्कारासाठी सभासद असण्याची अट घालतात, आणि सभासदत्वाची वर्गणी असते. ती लबाडी नव्हे. तिथे परीक्षक नावानिशी असतात, एका विभागात एकाचीच निवड होते आणि बाकीचे रिकाम्या हाताने परततात. तुमच्या सहकाऱ्याला काही बोलू नका, पण तो पुरस्कार तुमच्या परिचयपत्रात नको. चांगल्या समितीतला माणूस असे नाव दिसले की खालचे तीन खरे पेपरही संशयाने वाचतो. मी वाचले आहेत.

तुमच्यापुरता हिशेब असा. ३५ चे दार बंद. ४० ची मर्यादा असलेल्या पुरस्कारांसाठी २०२७ अखेरपर्यंत वेळ, तारीख पाहून कदाचित थोडा पुढे. पीएचडीपासून सात वर्षे धरणाऱ्यांसाठी नोटिफिकेशनपासून फेब्रुवारी २०२९ पर्यंत. ४५ साठी मे २०३३ पर्यंत. हे सगळे तुमच्या कागदांत मी समजलो तसेच लिहिले असेल तर. नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता कोणत्या तारखेपासून आहे ते एकदा तपासा, कारण रुजू झाल्याची तारीख आणि मान्यतेची तारीख वेगळ्या असतात आणि अनुदानाच्या अर्जात दोन्हींची विचारणा होऊ शकते.

या उन्हाळी सुटीत दहावीचे प्रमाणपत्र, नोटिफिकेशन, नेमणुकीचे आणि मान्यतेचे पत्र, सीएचबीच्या सहा वर्षांचे अनुभव प्रमाणपत्र, मुलाचा जन्मदाखला आणि लागू असेल तर जातीचे कागद एकत्र स्कॅन करून ठेवा. सीएचबीचे प्रमाणपत्र आधी मागा. जुन्या कॉलेजात प्राचार्य बदललेले असतील तर त्यालाच सगळ्यात जास्त दिवस लागतात. त्यासोबत तुमच्या कामाचे दोन पानी टिपण मराठीत लिहून काढा, मग इंग्रजीत करा. टिपण तयार झाले की इथे टाका, मी वाचून नेमके कुठे काय कमी आहे ते लिहीन.